थुंकीवरून शुगर खरंच कळते का? आईसाठी विचारतोय

देवगडचा_पोर: आईला डायबेटिस आहे, इन्सुलिन चालू, त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा बोट टोचावं लागतं. टोचायचं आणि त्याच हाताने कोळंबी सोलायची, मीठ नि आगळ लावायचं, बोटं एवढी चुरचुरतात की हल्ली ती तपासायचंच टाळते, विचारलं की "कालच्याएवढीच असेल" म्हणते. व्हॉट्सॅपवर आलंय की थुंकीच्या पट्टीवर शुगर कळते. कुणी वापरलीय का? मिळत असेल तर कणकवलीला जाऊन आणतो.

लॅबवाली_रत्नागिरी: दादा, थुंकीवरून इन्सुलिनचा डोस ठरवू नका, कळकळीने सांगते. लाळेत ग्लुकोज असतं पण रक्ताच्या मानाने अगदी नगण्य, रक्तात 150 असेल तर लाळेत जेमतेम एक-दोन. एवढ्याशा आकड्यात दातात अडकलेला भात, हिरडीचं रक्त, तोंडातले जंतू कशानेही घोळ होतो, त्यात शुगरवाल्यांचं तोंड कोरडं पडतं ते वेगळंच. ऑस्ट्रेलियात न्यूकॅसल विद्यापीठ अशी पट्टी बनवतंय, 2021 ला बातम्या आलेल्या, फिरतंय ते बहुतेक तेच. 2024 मध्ये एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, न टोचता शुगर सांगणाऱ्या घड्याळं-अंगठ्यांबद्दल लोकांना सावध केलं, कारण आकडा चुकला आणि इन्सुलिन जास्त गेलं तर माणूस बेशुद्ध पडतो, जिवावरही बेततं.

मालवणची_काकी: बाळा, आईला सांग बोटाच्या टोकाला नको, कडेला टोच, तिथे कमी दुखतं. अंगठा आणि पहिलं बोट कामाचं, ते सोडायचं, करंगळीच्या बाजूची बोटं आलटून पालटून घ्यायची. आधी कोमट पाण्याने हात धुऊन नीट पुसायचे, हात जरा खाली सोडायचा, थेंब पटकन येतो. सुई दरवेळी नवी, बोथट सुईच जास्त दुखवते. बोट टोचायच्या पेनवर (इन्सुलिनच्या नव्हे हां) सुई किती खोल जाते त्याचे आकडे असतात ना, तो आकडा लहान ठेव. आणि आंब्याच्या दिवसात हापूस कापून हात न धुता तपासलं तर शुगर भलतीच वाढलेली दिसते, सॅनिटायझर चोळून भागत नाही, धुवायलाच हवेत.

देवगडचा_पोर: काकी, पेनच्या आकड्याचं आज लगेच बघतो. दंडावर लावायचा सेन्सर कसा असतो?

लॅबवाली_रत्नागिरी: चांगला असतो, बरेचसे 14 दिवस चालतात, पण खर्च बराच आहे. तो त्वचेखालच्या पाण्यातली शुगर मोजतो म्हणून रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. आईंना शुगर उतरल्यासारखा घाम फुटला, हात थरथरले आणि सेन्सर नॉर्मल दाखवत असेल तर तेव्हा बोट टोचूनच बघा. डॉक्टरांना रोजचे आकडे दाखवून किती वेळा तपासायचं तेही विचारून घ्या.