विषय: प्लिमथची सहल, पत्रकातली चूक

नमस्कार मंडळी,
सहलीचं पत्रक मिळालं. मेनू झकास आहे, पण एक वाक्य खटकलं. ‘धर्मस्वातंत्र्यासाठी इंग्लंड सोडून पिलग्रिम थेट अमेरिकेला आले.’ थेट कुठले? स्क्रूबी या इंग्लिश गावच्या, राजाचं चर्च न मानणाऱ्या या मंडळींनी इंग्लंड १६०८ सालीच सोडलं. गेले हॉलंडला: आधी ॲमस्टरडॅम, मग अकरा वर्षं लायडन. हवी तशी प्रार्थना तिथे करता येत होतीच. मग निघाले का? कापडधंद्यात राबून कंबर मोडली होती, पोरंही कामाला जुंपलेली. हॉलंडचा स्पेनशी झालेला तह १६२१ मध्ये संपणार, पुन्हा युद्धाची धास्ती वेगळीच. आणि त्यांच्यातल्याच एडवर्ड विन्स्लोनं लिहून ठेवलंय की आपली भाषा आणि ‘इंग्रज’ हे नाव दोन्ही जाईल, असं त्यांना वाटत होतं. मुलं डच होत होती, हो!
– फ्रेमिंगहॅमचे काका

काका,
म्हणजे त्यांचंही आमच्या रविवारच्या शाळेसारखंच! माझा धाकटा ‘आई, मी मराठी समजतो, बोलत नाही’ म्हणतो. पण त्यांना अमेरिकेला आणणाऱ्या ‘मेफ्लॉवर’ जहाजावरचे १०२ जण तरी एकाच पंथाचे होते ना?
– शाळेची ताई

ताई,
छे! लायडनची मंडळी निम्मीसुद्धा नव्हती. बाकीचे बहुतेक पोटापाण्यासाठी निघालेले, आणि पैसा लंडनच्या व्यापाऱ्यांचा. परवाना व्हर्जिनियाचा आणि जहाज लागलं केप कॉडला. तेव्हा काही जण कुरकुरले की इथे आमच्यावर हुकूम चालवायचा कुणाला अधिकार नाही. म्हणून घाईघाईनं, सगळे मिळून केलेले कायदे पाळू असा ४१ पुरुषांच्या सह्यांचा तो ‘मेफ्लॉवर’ करारनामा. पहिल्या हिवाळ्यात जवळजवळ निम्मे दगावले.
त्यांनी प्लिमथला वस्ती केली ती जागाही मुळात रिकामी नव्हती. ते वाम्पानोआग या मूळ रहिवाशांचं पटक्सेट गाव, काही वर्षांपूर्वीच्या साथीत ओस पडलेलं. मक्याची लागवड शिकवणारा टिस्क्वांटम त्याच गावचा. १६१४ मध्ये त्याला पळवून स्पेनला नेलं होतं. परतला तेव्हा गावात कुणी उरलं नव्हतं. पत्रकात त्याचं नाव तरी घाला.
– काका

मंडळी,
वाक्य काढलं, टिस्क्वांटम घातला. १९७० पासून थँक्सगिव्हिंगला मूळ रहिवासी प्लिमथच्याच कोल्स हिल टेकडीवर शोकदिन पाळतात, तिथेही अर्धा तास थांबू. पिलग्रिम जिथे उतरले असं सांगतात, त्या १६२० कोरलेल्या दगडाबद्दल मुलांना आधीच सांगून ठेवा: तो अगदीच लहान आहे. मागच्या खेपेला निम्मी बस रुसली होती. वड्यांचा आकडा बुधवारपर्यंत कळवा.
– सचिव