चोसिनची माघार म्हणजे पळ नव्हे

'१९५० साली कोरियन युद्धात चोसिन तलावाजवळ अमेरिकेची पहिली मरीन डिव्हिजन चिन्यांपुढे पळत सुटली', हे विधान मला अजिबात पटत नाही. वरिष्ठांनी घाई लावली होती, तरी डिव्हिजनचे प्रमुख जनरल ऑलिव्हर स्मिथ यांनी उत्तरेकडची चाल मुद्दाम संथ ठेवली आणि तलावाजवळच्या हागारू-री गावी धावपट्टी करायला घेतली. दगडासारखी गोठलेली जमीन, रात्री दिवे लावून चालणारे बुलडोझर! पुढे त्याच पट्टीवरून चार हजारांवर जखमी विमानाने बाहेर काढले. थंडी इतकी, की वैद्यकीय सेवक मॉर्फिन या वेदनाशामकाच्या ट्यूबा तोंडात धरून वितळवायचे. माघारीच्या वाटेवरच्या फुनचिलिन खिंडीतला पूल चिन्यांनी उडवला, तेव्हा नव्या पुलाचे भाग पॅराशूटने मागवून जोडले आणि रणगाड्यांसकट डिव्हिजन हुंगनाम बंदराला पोचली.