चित्र थोर की त्यामागची गोष्ट? कोरियाचं ‘सेहानदो’

तिरपा_डोळा:
किम जंगही या पंडिताने जेजू बेटावर हद्दपारी भोगताना १८४४ साली शाईने काढलेलं ‘सेहानदो’ (म्हणजे ‘कडाक्याच्या थंडीचं चित्र’) कोरियात राष्ट्रीय ठेवा मानलं जातं. कडाक्याच्या थंडीतलं एक घर, चार झाडं, बाकी कोरा कागद. मला विचाराल तर चित्र बेताचंच आहे. घराचं गोल दार एका बाजूने पाहिलेलं, छप्पर भलत्याच बाजूने. लोक भाळतात ते गोष्टीवर. पडत्या काळात बाकीच्यांनी पाठ फिरवली, दुभाषा असलेला शिष्य ई सांगजक मात्र बीजिंगहून आणलेले ग्रंथ पाठवत राहिला, म्हणून गुरूने हे चित्र त्याला दिलं. गोष्ट बाजूला काढा, उरतं काय?

शाईवाली:
कुंचला उरतो की! घराला खेटून उभा असलेला म्हातारा पाइन नीट बघा. खोड झिजलेलं, एकच फांदी लांबवर गेलेली, टोकाला मोजक्या सुया. शाई इतकी कमी की कुंचला कागदावर अक्षरशः खरवडत गेलाय. ओल्या शाईत चूक पसरून झाकली जाते, कोरड्या कुंचल्यात हात जरा थरथरला तरी पकडले जाता. आणि सुलेखनात स्वतःची ‘चुसा’ शैली घडवणाऱ्याला सरळ छप्पर जमत नव्हतं म्हणता?

तिरपा_डोळा:
अक्षर सुंदर म्हणून घर बरोबर, हा कुठला न्याय?

जुनी_बखर:
मुळात गोष्ट बाजूला काढणार कशी? चित्राच्या डावीकडे रेघा आखून किमने स्वतःच ती लिहिली आहे, कन्फ्यूशियसच्या वचनासकट: थंडी पडली की मगच कळतं, पाइन आणि सायप्रस सगळ्यांत शेवटी पानं गाळतात. पुढे ई ते बीजिंगला घेऊन गेला, तिथल्या १६ विद्वानांनी अभिप्राय लिहिले आणि तेही चित्राला जोडले गेले. आज ती गुंडाळी १४ मीटरहून लांब आहे. भिंतीवर टांगायच्या चित्राचे नियम इथे लावून कसं चालेल?

तिरपा_डोळा:
म्हणजे ७० सेंटिमीटर चित्र आणि बाकी सगळं कौतुक. माझंच म्हणणं तुम्ही सिद्ध केलंत, आभारी आहे!

शाईवाली:
बरं, मग तुलनाच करा. १३व्या शतकातल्या झाओ मेंगजियानने पाइन, बांबू आणि प्लम हे ‘हिवाळ्याचे तीन मित्र’ किती सुबक रंगवलेत! पण ते बघून थंडी वाजत नाही. इथे बर्फाचा कणही काढलेला नाही आणि तरी अंगावर काटा येतो. ही काय गोष्टीची करामत?

तिरपा_डोळा:
शीर्षक आणि मजकूर झाकून शेजाऱ्याला दाखवा. उन्हाळ्यातलं ओसाड माळरान म्हणाला नाही, तर बोला.