११२ चा फोन नेमका कुठे वाजतो? आणि कशासाठी लावावा?

सोसायटी_सचिव
सोसायटीच्या फलकावर ११२ या आपत्कालीन मदतीच्या नंबरची माहिती लावायची आहे. सभेत शंका निघाल्या: फोन जवळच्या चौकीत वाजतो का? पार्किंगवरची मारामारी, रात्रीचा डीजे, चोरीला गेलेली सायकल, यांतलं कशासाठी ११२ लावावा? जाणकारांनी सांगावं.

बिनतारी
चौकीत वाजत नाही. महाराष्ट्रातला ११२ चा फोन नवी मुंबईच्या केंद्रात उचलला जातो. दुसरं केंद्र नागपूरला आहे. तिथला कर्मचारी तुमची माहिती भरून 'इव्हेंट', म्हणजे तक्रारीची नोंद, तयार करतो. तो इव्हेंट जातो तुमच्या जिल्ह्याच्या किंवा आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षात. तिथून जवळची मोकळी गाडी नेमली जाते आणि गाडीतल्या एमडीटीवर, म्हणजे टॅबसारख्या यंत्रावर, पत्ता आणि तक्रार उमटते. काम झाल्यावर गाडीवरच्या अंमलदाराने काय कारवाई केली ते भरायचं, मग इव्हेंट बंद होतो.

गाडी उशिरा येण्याचं मोठं कारण यातच आहे. फोन उचलणाऱ्याला तुमची गल्ली माहीत नाही. 'मारुती मंदिरापाशी या' म्हटलं तर कुठला मारुती? 'वडगाव' म्हटलं तर मावळातलं, शेरी की बुद्रुक? टॉवरवरून कळणारं ठिकाण ढोबळ असतं, गावाकडे तर कित्येक किलोमीटर इकडेतिकडे. म्हणून आधी जिल्हा, तालुका, गाव किंवा पोलीस ठाणं सांगा. मग इमारत, विंग, मजला, कुठल्या गेटने आत यायचं. त्यानंतर काय घडतंय, किती माणसं, हातात कोयता-काठी आहे का, कोणी जखमी आहे का. पत्ता आधी सांगितला की मध्येच फोन तुटला तरी गाडी निघू शकते.

किलोमीटर_दगड
हायवेवर असाल तर किलोमीटरचा आकडा आणि दिशा, दोन्ही सांगा. 'एक्स्प्रेसवे, पुण्याकडे जाणारी बाजू' एवढं न कळल्यास गाडी पलीकडच्या लेनला येते आणि पुढच्या एक्झिटवरून वळून यायला बराच वेळ जातो. कागल-निपाणीसारख्या सीमेवर मोबाईल शेजारच्या राज्याचा टॉवर पकडतो आणि फोन तिकडच्या केंद्रात लागू शकतो. तिथे पहिला शब्द राज्याचा.

बिनतारी
आता कशासाठी. घडतंय, घडणार आहे किंवा आत्ताच घडलंय: ११२. मारामारी, घरात शिरलेला माणूस, शेजारी चाललेली मारहाण, पाठलाग, अपघात. डीजेसाठीही चालेल, रात्री १० ते सकाळी ६ बंदीच आहे. सायकल काल गेली असेल तर थेट ठाण्यात जा. ११२ ला फोन केला म्हणजे एफआयआर नोंदला गेला, हा गैरसमज फलकावर ठळक अक्षरांत खोडा. हद्द आमची नाही म्हणून ठाण्यातून परत पाठवता येत नाही, गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून हद्दीतल्या ठाण्याकडे वर्ग करतात.

ऑनलाइन पैसे गेले तर १९३०, तोही लगेच. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखणं हाच त्यात खरा डाव. नुसती रुग्णवाहिका हवी असेल तर १०८.

सोसायटी_सचिव
मुलांकडून चुकून लागला तर?

बिनतारी
कापू नका. 'चुकून लागला' सांगा आणि मग ठेवा. कापलात तर खात्री करायला केंद्रातून उलट फोन येतो. तो उचलला नाही तर इथे कोणी संकटात आहे की काय, हा प्रश्न उरतोच. फोन लावल्यावर नंबर मोकळा ठेवा तोही याचसाठी: गाडीवाला पत्ता विचारायला तुम्हालाच फोन करतो, आणि नेमका तेव्हा तुम्ही नातेवाइकांशी बोलत असता! वॉचमनलाही सांगून ठेवा, गाडी आली की रजिस्टरमध्ये नोंद करायला थांबवायचं नाही.

मुद्दाम खोटी खबर देऊन कुणाच्या मागे पोलीस लावले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पार्किंगच्या भांडणात 'त्याच्याकडे पिस्तूल आहे' असं ठोकून देणाऱ्यांसाठी ही ओळ फलकावर घ्याच.