मदत हवी: फारसी पॅनेलमध्ये ड्रॉपडाउन भलतीकडे, फोन नंबर उलटा

सरळरेषा
इराणमधल्या ग्राहकासाठी ऑर्डर घ्यायचं पॅनेल आहे. सगळं उजवीकडून डावीकडे केलंय, पान छान दिसतं. पण ड्रॉपडाउनची यादी अजून डावीकडूनच लागते आणि फोन नंबराचे आकडे उलटेपालटे येतात. उद्या डेमो आहे, लवकर सांगा.

कोडकरी
‘सगळं केलंय’ म्हणजे नेमकं काय? लायब्ररी कुठली? डीआयआर (मजकुराची दिशा सांगणारं एचटीएमएलचं अ‍ॅट्रिब्यूट) कुठल्या टॅगवर आहे?

सरळरेषा
रिअ‍ॅक्ट, त्यावर एमयूआय ही तयार कंपोनंटची लायब्ररी. थीममध्ये डायरेक्शन आरटीएल (उजवीकडून डावीकडे) दिलंय.

निळीशाई
फाँट वझीरमत्न घ्या. आणि लेटर-स्पेसिंग शून्यच ठेवा. जोडून लिहायची लिपी आहे, अंतर दिलं की शब्दाचे तुकडे पडतात.

सरळरेषा
फाँटचं विचारलंच नाहीये हो.

कोडकरी
थीममधल्या डायरेक्शनने डॉमवर, म्हणजे ब्राउझरमधल्या प्रत्यक्ष पानावर, काही लागत नाही. डीआयआरचं अजून सांगितलं नाहीत.

सरळरेषा
रूट डिव्हवर.

कोडकरी
मग तिथेच घोळ आहे. मेनू, डायलॉग, टूलटिप पोर्टलमधून थेट बॉडीखाली जातात, तुमच्या डिव्हच्या बाहेर. एचटीएमएल टॅगवरच डीआयआर आरटीएल आणि लँग एफए (फारसी) लावा. शिवाय इमोशनच्या (एमयूआयच्या स्टाइल बनवणारी लायब्ररी) कॅशमध्ये स्टायलिसचं (तिचा सीएसएस प्रोसेसर) आरटीएल प्लगइन हवं, नाहीतर मार्जिन-पॅडिंग उलटत नाहीत.

दोनओळी
प्लगइन कशाला? मार्जिन-लेफ्ट काढा, मार्जिन-इनलाइन-स्टार्ट लिहा, म्हणजे ओळ सुरू होते त्या बाजूचं मार्जिन. लेफ्टऐवजी इनसेट-इनलाइन-स्टार्ट. एकच सीएसएस दोन्ही दिशांना चालतं.

कोडकरी
स्वतःच्या कंपोनंटला जरूर. लायब्ररीच्या आतल्या स्टाइल आज रात्रीत कोण बदलणार? आणि आडवं सरकवणाऱ्या ट्रान्सलेट-एक्सला इनलाइन-स्टार्टसारखा पर्यायच नाही. बाजूने सरकणाऱ्या पॅनेलचं चिन्ह हातानेच बदलावं लागतं. स्क्रोल-लेफ्टही (आडवं किती स्क्रोल झालं तो आकडा) तपासा: शून्य उजव्या कडेला, तिथून डावीकडे गेलं की वजा आकडे.

दोनओळी
ते मान्य. पण नवीन कोडमध्ये तरी लेफ्ट-राइट लिहू नका, दर वेळी हेच निस्तरावं लागेल.

आता फोनचं. सुरुवातीचा प्लस तटस्थ चिन्ह आहे, तो पानाची दिशा घेतो आणि उजव्या टोकाला बसतो. मधल्या मोकळ्या जागाही तशाच, म्हणून गटांचा क्रम फिरतो: ‘+९८ २१’ टाइप केलं की दिसतं ‘२१ ९८+’. इनपुटलाच डीआयआर एलटीआर (डावीकडून उजवीकडे) द्या आणि टेक्स्ट-अलाइन एंड. राइट लिहिलंत तर प्लगइन त्याचं लेफ्ट करून टाकेल. नुसता दाखवायचा असेल तर बीडीआय टॅग (आतल्या मजकुराची दिशा आजूबाजूपासून वेगळी ठेवतो), त्यावरही डीआयआर एलटीआर.

निळीशाई
तारखांचं बघितलंत का? इंटलला (जावास्क्रिप्टची तारखा-आकडे स्थानिक पद्धतीने दाखवायची सोय) एफए-आयआर (फारसी, इराण) दिलं की सौर हिजरी, म्हणजे इराणी कॅलेंडरची, तारीख आणि फारसी अंक आपोआप येतात. कॅलेंडरचा पहिला रकाना मात्र शनिवारचा ठेवा. आपला आठवडा या अर्थाचा ‘हप्ता’ शब्द तिकडूनच आलाय, पण त्यांचा हप्ता शनिवारी सुरू होतो. पहिले सहा महिने ३१ दिवसांचे, पुढचे पाच ३०, शेवटचा २९ किंवा ३०.

कोडकरी
सर्च असेल तर ये आणि काफ ही अक्षरं साठवतानाच एकसारखी करा. अरबी कीबोर्डवरून आलेल्या ‘ये’चा युनिकोड ०६४ए, फारसीचा ०६सीसी. शब्दाच्या मधोमध दोन्ही हुबेहूब दिसतात, पण शोधात जुळत नाहीत.

सरळरेषा
एचटीएमएलवर लावलं, यादी बसली. फोनही नीट झाला. आता सगळे आयकॉन उलटवू का?

दोनओळी
मागे-पुढेचे बाण तेवढे. बरोबरची खूण, घड्याळ, प्लेचं बटण आहे तसंच राहू द्या.