लग्नानंतर दोघे दोन देशांत: पत्नीच्या ग्रीन कार्डच्या पिटिशनला कोणते पुरावे जोडावेत?

एडिसनवासी

नमस्कार. मी न्यू जर्सीत राहतो आणि काही वर्षांपूर्वी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे. गेल्या फेब्रुवारीत कोल्हापूरला माझे लग्न झाले. स्थळ आत्याने सुचवले होते. दोन्ही घरांची बोलणी झाल्यावर आम्ही काही महिने फोनवर बोलत होतो, आणि साखरपुडा व लग्न एकाच सुट्टीत उरकले. त्यानंतर मी परत येईपर्यंत आम्ही दोघे माझ्या आई-वडिलांच्या घरी राहिलो. पत्नी कोल्हापुरातच शिक्षिका आहे.

आता मी पत्नीसाठी आय-१३० हा पिटिशनचा अर्ज भरायला घेतला आहे. लग्न खरे असल्याचे पुरावे म्हणून त्याच्या सूचनांमध्ये दोघांच्या मालकीची मालमत्ता, दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकत्र आर्थिक व्यवहार, मुलांचे जन्मदाखले आणि परिचितांची प्रतिज्ञापत्रे यांचा उल्लेख आहे. यांपैकी पहिल्या चारातले आमच्याकडे काहीच नाही. एका परिचिताने सुचवले की माझ्या इथल्या भाडेकरारात पत्नीचे नाव मागील तारखेपासून घालून घ्यावे, पण ते मला मुळीच पटलेले नाही. ज्यांचा संसार अजून एका छताखाली सुरूच झालेला नाही, त्यांनी नेमके काय जोडावे?

दुसरा प्रश्न नावाचा आहे. विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर आणि पासपोर्टवर पत्नीचे माहेरचे नाव आहे. घरच्यांची इच्छा आहे की अर्जाआधी सर्व कागदांवर सासरचे नाव करून घ्यावे. त्याची गरज आहे का?

नीराकाठ

एडिसनवासी, अभिनंदन. भाडेकरार मागील तारखेने करून घेण्याच्या सल्ल्याला तुम्ही नकार दिलात, हे योग्यच झाले. आय-१३० वरची सही खोटी माहिती दिल्यास शिक्षा होईल हे मान्य करून केलेली असते. पत्नी कोल्हापुरात शाळेत शिकवत असताना ती एडिसनमध्ये भाडेकरू होती असे दाखवणारा कागद त्याच अर्जातल्या तिच्या पत्त्याच्या आणि नोकरीच्या माहितीला खोटे ठरवतो. लग्नच बनावट असल्याचा निष्कर्ष निघाला, तर इमिग्रेशन कायद्याच्या कलम २०४(सी) नुसार त्या व्यक्तीसाठी पुढे कोणाचेही पिटिशन मंजूर होत नाही. खऱ्या लग्नाला अशा कागदाने संशयाच्या जागी नेऊन बसवू नये.

सूचनांमधली यादी ही उदाहरणांची यादी आहे. त्यातली प्रत्येक गोष्ट असलीच पाहिजे असा नियम नाही, आणि लग्न खरे असण्याची शक्यता खोटे असण्यापेक्षा अधिक आहे एवढे एकूण पुराव्यांवरून दिसणे पुरेसे असते. आपल्याकडच्या ठरवून केलेल्या लग्नात दोन माणसांआधी दोन घरे एकमेकांशी बांधली जातात, आणि त्याचे कागद आपण पुरावा म्हणून मोजतच नाही. लग्नपत्रिका, मंगल कार्यालयाची पावती, केटररचे बिल, दागिन्यांची खरेदी, आमंत्रितांसाठी ठरवलेल्या बसचे भाडे, हे सगळे त्या तारखेला त्या ठिकाणी दोन कुटुंबांनी उघडपणे लग्न लावल्याचे दाखवते. शेकडो फोटोंचा अल्बम पाठवू नका. साखरपुडा, हळद, सप्तपदी, गृहप्रवेश, नंतरची पूजा आणि देवदर्शन यांतले निवडक फोटो घ्या आणि प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि दिसणाऱ्या व्यक्तींचे नाते लिहा. सजून उभे राहून काढलेल्या फोटोंपेक्षा पंगतीत किंवा आजोळच्या अंगणात सगळ्यांसोबत बसलेला फोटो मला अधिक बोलका वाटतो.

एकत्र राहण्याबद्दल म्हणाल, तर आय-१३० मध्ये तुम्ही दोघे शेवटचे कोणत्या पत्त्यावर एकत्र राहिलात हा प्रश्न आहेच. तिथे तुमच्या आई-वडिलांच्या घराचा पत्ता खऱ्या तारखांसह लिहा आणि त्या तारखांना आधार देणारे विमानाचे तिकीट, बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचे शिक्के जोडा. मुक्काम थोडा होता याचा संकोच नको. नोकरीमुळे सुट्टी मर्यादित होती, हे सोबतच्या पत्रात सरळ सांगता येते.

लग्नाची तारीख लिहिताना मात्र फार लक्ष द्या. आपल्याकडे विधी एका दिवशी होतो आणि महापालिकेतली किंवा ग्रामपंचायतीतली नोंदणी नंतर होते. अशा वेळी लग्नाची तारीख विधीची असते, नोंदणीची नव्हे. याउलट, पिटिशन लवकर भरता यावे म्हणून अनेक जण विशेष विवाह कायदा, १९५४ खाली आधी नोंदणी विवाह करतात आणि मुहूर्तावरचे लग्न काही महिन्यांनी लावतात. तिथे कायदेशीर तारीख नोंदणी विवाहाची ठरते आणि पत्रिकेवर दुसरीच छापलेली असते. हा फरक दोन वाक्यांत समजावला नाही, तर तपासणाऱ्याला दोन तारखांची विसंगती तेवढी दिसते.

तुमच्या प्रश्नात न आलेली गोष्ट भाषांतराची. यूएससीआयएसला, म्हणजे पिटिशन तपासणाऱ्या अमेरिकी इमिग्रेशन खात्याला, दिलेल्या प्रत्येक परभाषी कागदासोबत त्याचे पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे सहीचे निवेदन लागते: भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि तो दोन्ही भाषांत सक्षम आहे. त्यामुळे मराठी पत्रिका जोडायची, तर वरच्या कुलदैवताच्या ओळीपासून खालच्या 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' पर्यंत सर्व मजकूर भाषांतरित करावा लागतो. व्हॉट्सॲपवरच्या मराठी संवादालाही, तो रोमन अक्षरांत लिहिलेला असला तरी, हाच नियम लागू होतो. म्हणून संवादाची चार-पाचशे पाने न जोडता प्रत्येक महिन्यातला एखादा तुकडा निवडा: तिच्या शाळेची परीक्षा, तुमच्या आईची तब्येत, घर शोधण्याची चर्चा, असा रोजचा संसार ज्यात दिसतो तो. फोन आणि व्हिडिओ कॉलच्या नोंदींमध्ये तारखा आणि वेळाच असतात; त्यांना भाषांतर जवळजवळ लागतच नाही आणि संपर्काचे सातत्य त्या उत्तम दाखवतात.

अबोली

नावाच्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण याच कारणाने माझ्या बहिणीचे काम रखडलेले मी पाहिले आहे. पत्नीने नाव बदललेच पाहिजे अशी अट अमेरिकेच्या इमिग्रेशन प्रक्रियेत नाही आणि भारतीय पासपोर्टसाठीही नाही. महाराष्ट्रात लग्नानंतर आडनावासोबत मधले नावही बदलण्याची रीत असल्यामुळे वडिलांच्या जागी पतीचे नाव येते, आणि या पद्धतीची ओळख नसलेल्या अधिकाऱ्याला दोन्ही नावे दोन वेगळ्या स्त्रियांची वाटू शकतात. प्रक्रिया चालू असताना आधार, बँक, शाळेचे सेवापुस्तक आणि पासपोर्ट यांतले काही बदलले आणि काही राहिले, तर प्रत्येक टप्प्यावर खुलासे देत बसावे लागते. व्हिसा पासपोर्टवरच्या नावाने मिळतो. म्हणून पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्र एकाच नावाने आहेत, ही तुमच्यासाठी सोयीची गोष्ट आहे. लग्नात तांदळात लिहिलेले नवे नाव किंवा पत्रिकेवर छापलेले लाडके नाव कुठे वापरात आले असेल, तर ते 'वापरलेली इतर नावे' या रकान्यात लिहा. घरच्यांना सांगा की सूनबाईंचे नाव त्यांच्या इच्छेने नंतर केव्हाही बदलता येईल.

एक जोड देते. दोघांपैकी कोणाचाही आधी विवाह झाला असेल, तर न्यायालयाच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागेल. गावाकडे स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलेल्या फारकतीवर विसंबून राहू नये.

एडिसनवासी

दोघींचे मनापासून आभार. आमच्या दोघांचेही हे पहिलेच लग्न आहे. प्रतिज्ञापत्रांविषयी विचारायचे राहिले. आत्या आणि पत्नीचे मामा लिहून द्यायला तयार आहेत, पण इंग्रजीत लिहिण्याची दोघांनाही सवय नाही. एक वकील तयार मजकूर देतो म्हणतात, त्यावर फक्त सही करायची. तसेच इथल्या कराच्या विवरणपत्रात आता काय करायचे, हेही कोणी सांगू शकेल का?

नीराकाठ

आत्यांना मराठीतच लिहू द्या. त्यांचे पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख व जन्मस्थळ, तुमच्याशी असलेले नाते आणि त्यांना हे सगळे कसे माहीत आहे, एवढे त्यात आलेच पाहिजे. पुढचे त्यांच्या शब्दांत असावे: स्थळ कसे सुचले, पहिली भेट कोणाच्या घरी झाली, लग्नात त्यांनी कोणती जबाबदारी घेतली, तुम्ही परत गेल्यावर सूनबाई त्यांच्याकडे केव्हा राहायला आल्या. त्यासोबत भाषांतर जोडा. आत्या आणि मामा यांच्या सहीखाली एकच मजकूर असेल, तर वाचणाऱ्याच्या मनात दोघांचेही वजन कमी होते. स्टॅम्प पेपर किंवा नोटरीही अनिवार्य नाही. हे निवेदन अमेरिकेच्या कायद्यानुसार खोटे ठरल्यास शिक्षेस पात्र राहून, सत्य म्हणून करत आहे, अशा अर्थाचे वाक्य, तारीख आणि सही असलेले निवेदन तिथला कायदा मान्य करतो. अर्थात प्रतिज्ञापत्रे हा आधाराचा पुरावा आहे. केवळ त्यांच्यावर पिटिशन उभे करू नये.

हिशेबनीस

कराबद्दल. ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल, तर त्या वर्षाचे विवरणपत्र 'अविवाहित' म्हणून भरता येत नाही. पत्नी भारतात असल्यामुळे जुनीच खूण पुढे चालू ठेवणारे बरेच जण आहेत, आणि पुढे आर्थिक हमीच्या आय-८६४ अर्जासोबत तेच विवरणपत्र जोडावे लागते. एका हाताने पत्नी म्हणून पिटिशन आणि दुसऱ्या हाताने अविवाहित असल्याचे विवरण, ही विसंगती अगदी खऱ्या लग्नालाही अडचणीत आणते.

सर्वसाधारणपणे तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. विवाहित म्हणून स्वतंत्र विवरणपत्र भरता येते. किंवा पत्नीला करापुरते अमेरिकेची रहिवासी मानण्याचा पर्याय दोघांच्या सहीने निवडून एकत्र विवरणपत्र भरता येते. दुसऱ्या मार्गासाठी सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्या पत्नीला डब्ल्यू-७ अर्जाद्वारे आयटीआयएन हा करापुरता ओळख क्रमांक घ्यावा लागतो आणि तिचा भारतातला पगारही विवरणपत्रात दाखवावा लागतो. एकत्र विवरणपत्र हा पुरावा म्हणून चांगला आहे, पण करसल्लागाराकडून हिशेब करून घेतल्याशिवाय केवळ पुराव्यासाठी ते भरू नका.

पैशांच्या बाबतीत तुमच्याकडे काहीच नाही असे तुम्ही लिहिले आहे, ते मला पूर्ण पटत नाही. तुमचे भारतात एनआरओ (अनिवासी भारतीयांसाठीचे रुपयांतले) खाते असेल, तर त्यात निवासी पत्नीचे नाव जोडता येते. नोकरीतल्या आयुर्विम्यात वारस म्हणून तिचे नाव घाला; ४०१(के) या नोकरीतल्या निवृत्ती योजनेत साधारणपणे कायद्यानेच पत्नी वारस असते, तरी तिचे नाव नोंदवलेला कागद काढून ठेवा. घरखर्चासाठी तिला पैसे पाठवत असाल, तर ते बँकेतूनच पाठवा. हे सगळे आजच्या तारखेचे असले तरी खरे आहे, आणि लग्नानंतर नवऱ्याने ते करायलाच हवे असते. मात्र अर्ज भरायच्या आठवड्यात उघडलेल्या आणि व्यवहार नसलेल्या खात्याला फारसे महत्त्व मिळत नाही. त्यामुळे आत्ता सुरू करा आणि पुढची स्टेटमेंट्स मुलाखतीला न्या.

काळीटोपी

पिटिशन प्रलंबित असताना पत्नीला पर्यटक व्हिसावर काही महिने एडिसनला बोलावून घ्यावे, म्हणजे एकत्र राहिल्याचे पुरावे आपोआप तयार होतील. आमच्या ओळखीतल्या एकांनी असेच केले होते.

अबोली

काळीटोपी, हा सल्ला मी देणार नाही. पर्यटक व्हिसा मागणाऱ्याला आपण परत येणार हे पटवून द्यावे लागते, आणि पतीने कायमच्या वास्तव्यासाठी पिटिशन भरलेले असताना कलम २१४(बी) खाली नकार मिळण्याची शक्यता मोठी असते. व्हिसा आधीपासून हातात असला, तरी प्रवेशाच्या वेळी हेच प्रश्न विचारले जातात. त्यापेक्षा एडिसनवासींनी दिवाळीला किंवा पुढच्या सुट्टीत कोल्हापूरला जावे. लग्नानंतर पती पुन्हा भेटायला आला, ही एक नोंद मला इतर अनेक कागदांपेक्षा वजनदार वाटते.

नीराकाठ

अबोलींशी सहमत आहे. पुढच्या टप्प्यांविषयीही लिहिते, कारण पुरावे अर्जाच्या दिवशी संपत नाहीत. आय-१३० सोबत पत्नीच्या माहितीचा आय-१३०ए हा अर्जही जातो. पत्नी अमेरिकेबाहेर असेल, तर तो भरावा लागतो, पण त्यावर तिची सही नसली तरी चालते. यूएससीआयएसला पुरावे अपुरे वाटले, तर ते थेट नाकारण्याऐवजी बहुधा आणखी पुरावे मागणारी नोटीस पाठवतात, आणि तिला मुदतीत एकदाच, पूर्ण उत्तर द्यायचे असते. मंजुरीनंतर फाइल व्हिसाचे कागद गोळा करणाऱ्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे पत्नीचा जन्मदाखला आणि पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारे पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र लागेल. जन्मदाखल्यावर बाळाचे नाव नोंदवलेले नसेल, तर ते काम आजच महापालिकेत सुरू करा. आमच्या पिढीतल्या अनेकींच्या दाखल्यावर नावाची जागा रिकामी असते.

मुलाखत मुंबईच्या वकिलातीत होईल आणि तिथे पत्नी एकटीच असेल. अधिकारी साधे प्रश्न विचारतात: स्थळ कोणी आणले, पती काय काम करतात, ते कोणासोबत राहतात, लग्नाला त्यांच्याकडून कोण आले होते. उत्तरे पाठ करण्याची गरज नाही, पण तुम्ही अर्जात काय लिहिले आहे ते पत्नीला माहीत असले पाहिजे. म्हणून भरलेल्या अर्जाची आणि सर्व पुराव्यांची पूर्ण प्रत तिच्याकडे ठेवा. मूळ विवाह प्रमाणपत्र, पत्रिका आणि अल्बम कोल्हापुरातच राहू द्या, अमेरिकेला प्रतीच न्या, कारण मुलाखतीला मूळ कागद तिलाच दाखवायचे आहेत.

ती अमेरिकेत प्रवेश करेल त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर मिळणारे ग्रीन कार्ड दोन वर्षांचे आणि सशर्त असेल. त्याची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ती अट काढण्यासाठीचा आय-७५१ अर्ज भरायचा असतो. त्या वेळी भाडेकरार, वीजबिल, एकत्र खाते आणि आरोग्यविमा यांची खरोखर अपेक्षा केली जाते. तेव्हा भाडेकरारात पत्नीचे नाव ती एडिसनच्या घरात राहायला आल्यावर, त्या दिवसाच्या तारखेने घाला.