थेंबे थेंबे की एकच घाव?

पाना_पक्कड
काही मोडलं की लोक विचारतात, "शेवटी झालं काय?" मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. बिघाडाच्या गणितातली शॉक मॉडेलं (शॉक म्हणजे भागावर बसणारा घाव) मुख्यतः दोन तऱ्हेची. एकात घाव साठत जातात आणि बेरीज मर्यादेपलीकडे गेली की भाग जातो. दुसऱ्यात एकच मोठा घाव पुरतो. माझ्या मते बहुतेक 'एकच घाव' म्हणजे आळशी पंचनामा. 28 एप्रिल 1988 ला हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 चं छत 24,000 फुटांवर उडालं. ना वादळ, ना स्फोट. विमानाची 89,680 उड्डाणं झाली होती आणि दर उड्डाणाला केबिन हवेच्या दाबानं फुग्यासारखी फुगून परत बसत होती. थेंबे थेंबे तळे साचे, दुसरं काय!

गंजलेला_नट
उदाहरण तुमच्याच अंगाशी आलंय. त्या पत्र्यांच्या जोडातला चिकट थर सुटला होता, गंज चढला होता. गंजाला घाव म्हणणार? तो विमान नुसतं उभं असलं तरी चढतो. आणि बेरीज कसली? घावांची बेरीज करण्याचा जो पामग्रेन (1924) आणि माइनर (1945) यांचा नियम आहे, त्यात घावांचा क्रम धरतच नाहीत. प्रत्यक्षात आधी जड मग हलके, किंवा उलट, यानं आयुष्य बदलतं. कहर म्हणजे, भेग पडलेल्या धातूला मध्येच एक जोराचा ताण दिला तर भेगेची वाढ काही काळ मंदावते. मार खाऊन आयुष्य वाढलं! हे कुठल्या रकान्यात टाकू?

पाना_पक्कड
क्रमाचं मान्य. गंजाचं नाही. गंजानं मर्यादा खाली येते, घाव तेच राहतात. मर्यादा ढळती ठेवली की झालं.

कोयनाकाठ
11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंपानं कोयनेचं धरण हादरलं, वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या, नंतर मागून आधार देऊन ते मजबूत केलं. धरणाच्या बाजूनं बघा, एकच घाव. खाली खडकात मात्र ताण कितीतरी काळ साठत होता. एकाचा साठा तो दुसऱ्याचा घाव.

तारांगणी
आकाशातही हेच. व्हेला पल्सार (गरगर फिरणारा, अतिघन मृत तारा) सेकंदाला सुमारे 11 गिरक्या घेतो, हळूहळू मंदावतो आणि साधारण तीनेक वर्षांनी एकदम दहालाखांश भागानं वेग वाढवतो. पहिली अशी उडी 1969 मध्ये टिपली. आतला अतिप्रवाही (घर्षणाशिवाय वाहणारा) द्रव कवचापेक्षा जोरात फिरत राहतो, तो फरक साठतो आणि एकदम सुटतो, असं बहुतेक जण मानतात. पण क्रॅब पल्सारच्या उड्यांना असा ताल नाही.

गंजलेला_नट
म्हणजे मर्यादा ढळती, घाव कधी उणे, साठा कुणाचा ते बघणाऱ्यावर. पानाभाऊ, असं मॉडेल चुकणार तरी कधी?